पाहिजे, लागतं, देत नाहीत

'पाहिजे' म्हणजे काय, सांगाल का?

घाईनं सांगू नका. 'मला पाणी पाहिजे' यातलं पाहिजे ही तहान आहे. 'तू डॉक्टरला दाखवायला पाहिजे' यातलं पाहिजे हा सल्ला आहे. 'फाटकावर नाव लिहायलाच पाहिजे' यातलं पाहिजे हा हुकूम आहे. तहान, सल्ला आणि हुकूम, सगळ्यांना एकच शब्द. आमच्या बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात तर पळवाटही नाही. कानडीत शिरावं तर तिथे 'बेकु' बसलेलं आहे आणि त्याच्याही पोटात इच्छा आणि सक्ती एकत्र कालवलेली. बाजारातल्या दखनीत 'होना' आहे, तेही त्याच जातीचं. घरी एक, दुकानात दुसरी, बाजारात तिसरी भाषा बोलणारा आमचा माणूस तिन्ही भाषांत त्याच एका खड्ड्यात पाय घालतो. त्या खड्ड्यात एका बाईची नोकरी जायची वेळ आली तेव्हा मी समोर उभी होते. म्हणून हे लिहिते आहे.

माझं गाव भालकी तालुक्यातलं मेहकर. वाचायला मी पत्रकांवर शिकले. अप्पा, म्हणजे माझे वडील, शेती करत आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढत. मराठी शाळेला शिक्षक मिळावा, बस फाट्यावर थांबावी, पंचायतीनं ग्रामसभा बोलवावी, असल्या मागण्या. पण 'मिळावा', 'थांबावी' ही माझी आताची भाषा झाली. अप्पांच्या पत्रकात असली मवाळ क्रियापदं नसत. तिथे 'मिळालाच पाहिजे', 'थांबलीच पाहिजे'. गुलाबी कागद, जाड ठसा, पुढे उद्गारचिन्ह. खळ लावून ती भिंतीवर चिकटवताना मला वाटायचं की जगातली सगळी वाक्यं अशीच संपतात. विनंती करणारं वाक्य मला बुळं वाटायचं. अजूनही वाटतं.

बीकॉम झाल्यावर कलबुर्गीबाहेरच्या एका डाळमिलच्या हापिसात लागले. इथल्या तुरीची डाळ हैदराबादला, पुण्याला जायची आणि आता परदेशीही जाऊ लागली होती. पत्रव्यवहार इंग्रजीत. पहिल्याच आठवड्यात पुण्याच्या एका व्यापाऱ्याला मी मेल लिहिली. मनातलं वाक्य मराठी होतं: सोमवारी ट्रक पाठवायला पाहिजे. त्या 'पाहिजे'ला मला एकच इंग्रजी शब्द येत होता. यू मस्ट सेंड ट्रक ऑन मंडे. पुढे, सवयीनं, उद्गारचिन्ह.

दुपारी मॅनेजरांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली. ते आळंदकडचे, बोलायला गोड माणूस.

"ताई, पुण्याचा फोन आलता."

"काय म्हणाले?"

"इचारायलेत, तुमच्याकडं कलेक्टरबाई कवापासून कामाला लागल्यात?"

हापिसातले सगळे फिसकन हसले. मॅनेजरही हसले आणि मग हळूच म्हणाले, "ते मोर्च्यातलं इंग्रजी गिऱ्हाइकाला चालत न्हाई. संध्याकाळचा क्लास लावा. धंद्याचं इंग्रजी शिकवतेत तितं."

क्लास म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. शिकवणारे सर बँकेतून निवृत्त झालेले. बाकांवर मोबाइल दुरुस्त करणारा एकजण, दवाखान्यातल्या दोघी नर्स, विमा विकणारे, आणि मी. कोटेशन, कन्साइनमेंट, फॉलो-अप, कम्प्लायन्स असे शब्द सर फळ्यावर लिहायचे आणि आम्ही ते घोळवत बसायचो. 'डेडलाईन' आला त्या दिवशी मोबाइलवाल्यानं विचारलं, "सर, लाईनच मेली तर काम कसं व्हायचं?" मागून कोणीतरी म्हणालं, "आमच्या गल्लीत रोजच मरती की लाईटीची लाईन. केईबीला फोन लावा." सरांनाही हसू आवरलं नाही.

हसणं संपलं ते क्रियापदांपाशी. सरांनी फळ्यावर शिडी काढली. सगळ्यात वर मस्ट. त्याखाली हॅव टू. त्याखाली शुड. अगदी खाली, जमिनीला टेकलेलं, 'यू मे लाईक टू'. म्हणाले, "धंद्यात वरच्या पायरीवर चढायचं न्हाई. गिऱ्हाइकाला शुडसुद्धा जड पडतं."

मी विचारलं, "आणि गिऱ्हाईक आपल्याला लिहितं तेव्हा?"

"ते कुठल्याबी पायरीवर उभं राहू शकतंय."

"कामून?"

"गिऱ्हाईक हाय म्हणून."

वर्ग हसला. माझं डोकं तापलं. व्याकरण म्हणून जे शिकवलं जात होतं ते व्याकरण नव्हतंच. कोणी कोणाला हुकूम सोडायचा आणि कोणी कोणाला नुसतं सुचवायचं, याची ती रांग होती. आणि आम्ही पैसे भरून त्या रांगेतली आपली जागा पाठ करत होतो.

तरीही सरांनी एक गोष्ट अशी शिकवली की त्यांच्याबद्दलचा राग मी तिथेच सोडला. त्यांनी दोन वाक्यं लिहिली. यू मस्ट नॉट गो. यू डोन्ट हॅव टू गो. म्हणाले, मराठी करा. मोबाइलवाला म्हणाला, "दोन्हीचं एकच सर. जायला नको."

सरांनी खडू खाली ठेवला. "हितंच माणूस मरतंय. पहिल्यात जायला बंदी हाय. दुसऱ्यात गरज न्हाई, पण गेलास तर कोण धरत न्हाई तुला. बंदी आणि मोकळीक एका गोणीत भरायलास तू."

त्या रात्री घरी येऊन मी मराठीत मांडून बघितलं. जायला पाहिजे. जावं. जावं लागतं. जाऊ नये. जायची गरज नाही. जाऊ देत नाहीत. मराठीत सगळं होतं की! प्रत्येक पायरीला शब्द होता. रोजच्या बोलण्यात आम्हीच सगळी कामं एकट्या 'पाहिजे'कडून आणि एकट्या 'नको'कडून करून घेत होतो.

आता अक्काबद्दल. ती निंबर्ग्याची. नवऱ्यामागे दोन मुलींना घेऊन कलबुर्गीत राहायला आलेली. सगळी मिल तिला अक्काच म्हणायची. दाणे वर नेणारा जो पट्टा असतो त्याच्या खालच्या खड्ड्यात चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, आणि टरफल साचतं. ते साचलं की पट्टा अडकतो. ते हातानं ओढून काढणं हे तिचं काम. लुगड्यावर पुरुषी शर्ट, डोक्याला फडकं, भुवयांवर पिवळी धूळ. तिच्या शर्टाला डावी बाही कोपरापासून नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं तर भाकरी मोडत म्हणाली, "पट्ट्यानं खाल्ली."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! भूक लागली आसंल त्याला. बाही घेतली, हात ठिवला. गुणाचा हाय."

शेजारच्या बाया हसल्या. मी हसू शकले नाही. "चालू पट्ट्यात हात कामून घालता?"

"बंद केला की समदी मिल बंद पडती, ताई. मग फोरमन येतंय. त्याचं तोंड पट्ट्यापरीस वाईट."

हे मी अप्पांना फोनवर सांगितलं असतं तर गुलाबी कागद तयार झाला असता. मी सांगितलं नाही. अक्कानं मला सांगितलं ते भाकरी खाताना सांगितलं होतं, भिंतीवर लावायला नव्हे.

मग परदेशातल्या खरेदीदाराची नियमावली आली. कामगारांची सुरक्षितता तपासायला त्यांचा माणूस येणार होता. खरी भीती मॅनेजरांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. नियमांची पाटी बनवायची होती: वर इंग्रजी, मग कानडी, खाली मराठी. मूळ नियमावलीत साफ लिहिलं होतं, साफसफाईआधी मशीन मस्ट बी स्टॉप्ड. पाटीचा मजकूर मॅनेजरांकडून माझ्या टेबलावर आला तेव्हा तिथे शुड होतं.

मी कागद घेऊन त्यांच्यासमोर गेले. "सर, हितं मस्ट होतं."

"शुड बी इंग्रजीच हाय की."

"मस्ट म्हणजे सक्ती. शुड म्हणजे सल्ला."

"मराठीत दोन्हीला पाहिजेच म्हणतेत. खाली लिवा, मशीन बंद करून साफ करायला पाहिजे. झालं."

"मग वर मस्टच राहू द्या. काय बिघडतं?"

त्यांनी चष्मा काढला. चिडले नाहीत, हेच वाईट. समजावून सांगायला लागले. "ताई, मस्ट लिवलं आणि कुणी चालू मशीनीत हात घातलेला दिसला, तर खोटे आपण ठरतो. शुड लिवलं तर आपण सांगितलंय, त्येनं ऐकलं न्हाई. कळायलंय का? क्लास तुमी लावलाय, शिकलो मी."

एका शब्दाच्या बदलानं दोष मालकाच्या खांद्यावरून उतरून खड्ड्यात उभ्या असलेल्या बाईच्या खांद्यावर जाणार होता. मी भांडले. आवाज चढला. शेजारच्या टेबलावरचा टाइपिंगचा आवाज थांबला. शेवटी मॅनेजर एवढंच म्हणाले, "पाटी उद्या लागायची हाय." आणि ती लागली. वर निळ्या अक्षरांत शुड, खाली पाहिजे.

तपासणीच्या दिवशी सकाळपासून मिल धुऊन काढली होती. तपासणारा माणूस तरुण होता, चेन्नईकडचा. मराठी येत नाही, कानडीही नाही. मालानं भरलेल्या ट्रकांचे कागद दाखवायला मला बरोबर घेतलं होतं. दुभाषी मॅनेजर स्वतः होते. फिरत फिरत सगळे पट्ट्याच्या खड्ड्यापाशी आले. पट्टा चालूच होता. अक्का हात पुसत वर आली आणि डोक्यावरचं फडकं नीट करून उभी राहिली.

त्या माणसानं इंग्रजीत विचारलं, "खाली साफ करण्याआधी मशीन थांबवणं सक्तीचं आहे का, यांना विचारा."

मॅनेजर अक्काकडे वळले. "अक्का, साहेब इचारायलेत, साफ करताना मशीन बंद करायला पाहिजे का?"

मी अक्काचा चेहरा बघत होते. तिला सवाल कसा पोचला ते मला दिसलं. साहेब विचारतोय, तुला मशीन बंद करून पाहिजे का? तुझी तशी मागणी आहे का? आणि समोर मॅनेजर उभे. घरी दोन मुली. ती घाईनं म्हणाली, "न्हाई साहेब, मला नको. म्या तसंच करते की. आपली काय तकरार न्हाई."

मॅनेजर इंग्रजीत म्हणाले, "ती म्हणते, आवश्यक नाही."

त्या माणसाच्या कपाळावर आठी आली. त्यानं पाटीकडे बोट केलं. नियम डोक्यावर लिहिलाय आणि या बाईंना माहीत नाही?

"येस सर. शी इज अनट्रेन्ड," मॅनेजर म्हणाले. "वी विल चेंज हर."

चेंज हा शब्द अक्काला येत होता. मिलमध्ये चेंज म्हणजे पाळी बदलणं. तिचा चेहरा उजळला. "व्हय व्हय, चेंज करा की. सकाळपाळी द्या मला. पोरी शाळंतून यायच्या वक्ताला घरी ऱ्हाईन."

ती हसत होती. तिला काढून टाकायचं ठरत होतं आणि ती हसून हो म्हणत होती.

बोलले तर माझी नोकरी, गप्प बसले तर तिची. मी इंग्रजीत बोलले, तुटक तुटक. "सर, तिचं उत्तर चुकलेलं नाही. प्रश्न चुकलाय."

मॅनेजर मराठीत म्हणाले, "ताई, तुमी कागद सांभाळा."

पण तो माणूस थांबला. म्हणाला, बोला. मी त्याला सांगितलं की आमच्याकडे ज्या शब्दानं सक्ती विचारतात त्याच शब्दानं इच्छा विचारतात. तुम्ही नियम विचारलात, तिनं आपली मागणी काय ते सांगितलं. त्याला ते पटलं की नाही कळेना, पण त्यानं मान हलवली. "मग तुम्ही विचारा."

आता मला विचारायचं होतं. तोंडात दोन प्रश्न तयार होते. एक, मशीन बंद करावं लागतं का? दुसरा, बंद करू देतात का? दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा. लहानपणापासून भिंतींवर चिकटवलेले सगळे गुलाबी कागद त्या दुसऱ्या प्रश्नामागे उभे होते. पण त्याचं उत्तर मॅनेजरांच्या तोंडावर मला द्यावं लागणार नव्हतं. अक्काला द्यावं लागणार होतं. मी पहिला विचारला.

"अक्का, तुमाला काय पाहिजे ते इचारलं न्हाई. नियम काय हाय? साफ करायच्या आधी बंद करावं लागतंय का?"

"नियम व्हय?" ती गोंधळली. "नियमानं लागतंय की. पाटीवर हाय म्हणतेत."

मी ते इंग्रजीत सांगितलं. त्या माणसानं लगेच पुढचं विचारलं: मग आत्ता चालू का होतं?

मी वळले. अक्कानं माझ्या दंडाला हात लावला. "थांब. आधी मला सांग. चेंज म्हणजी काय म्हणाले ते?"

मॅनेजर म्हणाले, "काय न्हाई अक्का, पाळीचंच."

अक्का माझ्याकडेच बघत राहिली. पट्टा खडखडत होता. मी म्हणाले, "काढायचं म्हणाले. तुमाला नियम म्हाईत न्हाई म्हणून."

तिनं मॅनेजरांकडे बघितलं, मग खड्ड्याकडे. हसू कुठल्या कुठे गेलं. "म्हाईत न्हाई? बटणाकडं गेलं की 'हात लावायचा न्हाई' म्हणतेत. आता म्हाईत न्हाई म्हणून काढायलेत. व्हय?"

माझ्या जिभेवर इंग्रजी वाक्य आलंच होतं, कर्त्यासकट. फोरमन आणि मॅनेजर अक्काला मशीन थांबवू देत नाहीत. तेवढ्यात मनात आलं की मघाशी मॅनेजरांनी जे केलं तेच मी करायला निघाले आहे. तिचं वाक्य घेऊन मला पाहिजे तिथे नेऊन ठेवायला. मी थांबले. तो माणूस घड्याळ बघत होता.

"अक्का, मी असं सांगते की तुमाला मशीन बंद करू देत न्हाईत. हेच सांगू?"

तिनं विचार केला. "'देत न्हाईत' सांग," ती म्हणाली. "कोण देत न्हाई ते नको सांगू."

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. नाव न घेता केलेली तक्रार म्हणजे हवेत मारलेली काठी, असं मी मानत आले. पण वाक्य तिचं होतं. शी इज नॉट अलाउड टु स्टॉप इट, मी म्हणाले. कर्ता नसलेलं वाक्य. सरांनी शिकवलं तेव्हा पळपुटं वाटलेलं. त्या माणसानं कोणी म्हणून विचारलं नाही. मॅनेजरांकडे एकदा बघितलं आणि लिहून घेतलं.

अक्काची नोकरी राहिली. पाटीवरचं शुड जाऊन मस्ट आलं आणि खड्ड्याच्या कडेला, हात पोचेल असं, लाल बटण बसलं. माझ्याकडून इंग्रजी पत्रं काढून घेतली. मी आता फाटकाच्या खोलीत ट्रकांचे नंबर लिहिते. मॅनेजर अजूनही ताईच म्हणतात, फक्त खुर्ची माझ्याकडे फिरवत नाहीत.

अक्कानं पहिल्यांदा ते बटण दाबलं तेव्हा सगळी मिल एकदम गप्प झाली. फोरमन पळत आला. "कामून बंद केलीस?"

"लागतंय म्हणून."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण परवा जाताना बघितलं, माल जास्त होता, फोरमन डोक्यावर उभा होता, आणि अक्काचा हात पुन्हा चालू पट्ट्याखाली होता. मी ओरडले. तिनं वर बघून दुसरा हात हलवला, जा म्हणून. त्या हातवाऱ्याचा अर्थ मी लावणार नाही. उद्या विचारणार आहे.

तुमच्याकडे एक मागणं आहे. आज ना उद्या तुम्ही कोणाच्या तरी वतीनं परक्या भाषेत बोलाल. दवाखान्यात आईच्या, बँकेत शेजाऱ्याच्या, कचेरीत एखाद्या मजुराच्या. साहेबाला उत्तर देण्याआधी त्या माणसाकडे वळा. तुम्ही काय सांगणार आहात ते त्याला त्याच्या बोलीत ऐकवा आणि विचारा, हेच सांगू का? तो हो म्हणेपर्यंत तोंड उघडू नका. त्यानं एखादा शब्द काढायला सांगितला, तर तुम्हाला पटो न पटो, काढा.